विंचू, मांत्रिक आणि डॉक्टरांच्या नोंदी

नागपुरात 'मेडिकल' म्हटले की औषधाचे दुकान कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. येते ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे अवाढव्य रुग्णालय. १९४७ साली सुरू झालेल्या या संस्थेत विदर्भातूनच नव्हे, तर शेजारच्या मध्य प्रदेशातून आणि तेलंगणाच्या सीमेवरूनही रुग्ण येतात. येथे एम.डी. किंवा एम.एस. करणाऱ्या निवासी डॉक्टरचा दिवस कसा असतो, हे ज्यांनी जवळून पाहिले असेल त्यांना जास्त सांगायला नको. वॉर्डातली फेरी, ओपीडी, रात्रीचे तातडीचे रुग्ण, आणि या सगळ्याच्या जोडीला अभ्यासक्रमाने सक्तीचा केलेला प्रबंध. बऱ्याच जणांना हा प्रबंध म्हणजे दुष्काळात तेरावा महिना वाटतो. रुग्ण तपासायचे की त्यांच्यावर टिपणे काढायची? जो अजून उपचार शिकतो आहे त्याने संशोधन करावे, ही अपेक्षाच अवाजवी नाही का?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तत्त्वचर्चेत शोधण्यापेक्षा, याच महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या एका तरुण डॉक्टरच्या हकिकतीत शोधावे असे आम्हाला वाटते. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांच्या दृष्टीने या हकिकतीत आणखीही एक गोष्ट आहे. 'पुरावा' म्हणजे काय, हे ती फार चांगले शिकवते.

त्याआधी थोडे मागे जाऊ. उपचार करता करता संशोधन करण्याची रीत नागपूरला नवी नव्हती. भारतात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष प्रथम आढळला तो १९५२ साली, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. हा दोष असलेल्या व्यक्तीच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या होतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रुग्णाला सांधेदुखी, पंडुरोग, वारंवार ताप असा त्रास होतो. हा दोष भारतातल्या काही आदिवासी गटांपुरता असावा, अशी तेव्हा समजूत होती. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी टिपण प्रसिद्ध केले आणि हा दोष आदिवासींच्या पलीकडे, विदर्भातल्या इतर समाजातही असल्याचे दाखवून दिले. आज विदर्भात शाळाशाळांतून मुलांची सिकलसेल तपासणी होते, तिची मुळे इथवर पोचतात. तपासणीचे मूळ तंत्रही साधे आहे. रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, प्राणवायू काढून घेणाऱ्या रसायनाचा थेंब त्यात मिसळायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी वाकतात का ते पाहायचे. पंडुरोगाचा रुग्ण त्यापूर्वीही रोजच वॉर्डात येत होता. लोहाच्या गोळ्या देऊन त्याला घरी पाठवणेही चालू होते. याच्या रक्तात आणखी काही तर नाही ना, ही शंका कोणीतरी घ्यावी लागते.

आता आपल्या मुख्य हकिकतीकडे वळू. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ सालचा, जालना जिल्ह्यातल्या देहेड या गावचा. घरची परिस्थिती बेताची. शिक्षणासाठी मिळेल ते काम करत ते नागपूरच्या मेडिकलपर्यंत पोचले आणि तेथून एम.बी.बी.एस. झाले. हा प्रवास त्यांनी स्वतः 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मचरित्रात सांगितला आहे, म्हणून आम्ही त्यात फार शिरत नाही. पदवीनंतर १९७६ साली त्यांनी सरकारी नोकरी धरली आणि नेमणूक झाली ती नागपूरपासून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आजच्या रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. वय पंचविशीचे, हातात ताजी पदवी, आणि दाराशी विंचू चावलेली माणसे.

कोकणातला लाल विंचू दिसायला लहान असतो. दगडांच्या गडग्यात, लाकूडफाट्यात, भाताच्या पेंढ्यात, कौलांखाली त्याचा मुक्काम. रात्री अंधारात हात किंवा पाय पडला की तो नांगी मारतो. विदर्भ-मराठवाड्यात विंचू काही कमी नाहीत, पण तिथला सर्वसाधारण अनुभव असा की विंचू चावला की माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळी बरा होतो. बिरवाडीत चित्र वेगळे होते. संध्याकाळी विंचू चावलेले धडधाकट मूल पहाटेपर्यंत धाप लागून, तोंडाला गुलाबी फेस येऊन दगावत असे. अशा मृत्यूंची दखल त्याआधी कोणी घेतलीच नव्हती असे नाही. विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी होते, असे डॉ. मुंडले यांनी १९६१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिले होते. तरीही पाठ्यपुस्तकांत विंचूला मिळालेली जागा चार ओळींची होती, आणि उपचार म्हणून ॲलर्जीवरची औषधे, स्टेरॉईड, ॲट्रोपीन, गुंगी आणणारी औषधे असे हाताला येईल ते दिले जाई.

येथे आपण थोडे थांबून मांत्रिकाचा विचार करू. त्याला हसून सोडून देणे सोपे आहे, पण मग एक चांगला धडा हातचा जाईल. समजा एखाद्या गावात वर्षभरात शंभर जणांना विंचू चावला. त्यातले बरेचसे विंचू कमी विषारी, काहींचा दंश वरवरचा. समजा नव्वद जण कोणी काहीही न करता बरे होणारच होते. हे शंभरही जण मांत्रिकाकडे गेले. त्याने मंत्र म्हटला, राख लावली, मोरपीस फिरवले. नव्वद बरे झाले. उरलेल्या दहांपैकी काही वाचले, काही गेले. गेले त्यांना 'उशिरा आणले' किंवा 'आयुष्यच तेवढे' असा निकाल मिळाला. नव्वद टक्के यश! मांत्रिक खोटे बोलतो आहे असेही म्हणता येत नाही, कारण त्याने जे पाहिले तेच तो सांगतो आहे. (हे गणित वर्गात मुलांना घालून पाहावे. 'यात चूक कुठे आहे?' एवढाच प्रश्न विचारावा आणि तासाची घंटा होईपर्यंत उत्तर सांगू नये.)

अडचण अशी की सुईने औषध टोचणारा डॉक्टरही नेमका याच सापळ्यात असतो. त्यानेही शंभर जणांना इंजेक्शन दिले आणि नव्वद बरे झाले, तर त्याच्या इंजेक्शनची किंमत मांत्रिकाच्या राखेपेक्षा जास्त कशावरून? सापळ्यातून सुटण्याची पहिली पायरी म्हणजे, मुळात कोणाच्या जिवाला धोका आहे हे आधीच ओळखता येणे. जे दहा जण दगावण्याच्या वाटेवर आहेत ते पहिल्या तासातच वेगळे काढता आले, तर मग त्यांचे पुढे काय होते याला अर्थ येतो.

बावस्करांनी नेमके हे केले. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. रुग्ण, घड्याळ, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, स्टेथोस्कोप आणि केसपेपर एवढी सामग्री. रुग्णाशेजारी बसून राहायचे आणि काय होते ते वेळ घालून लिहायचे. पदवीनंतर वर्षाच्या आतबाहेर, १९७७ साली, विंचूदंशाच्या हृदयावरील परिणामांविषयी त्यांचे टिपण 'इंडियन हार्ट जर्नल'मध्ये आले. पुढे ते पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात एम.डी. करायला गेले, पण विंचू सुटला नाही. १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याचा विषयच मुळी धोक्याची पूर्वसूचना देणारी लक्षणे हा होता. उलट्या, अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ, पुरुष रुग्णात लिंगाची वेदनायुक्त ताठरता, आणि पाठोपाठ थंडगार पडलेले हातपाय, ही ती लक्षणे. ज्याला दंशाच्या जागी असह्य वेदना आहेत पण यातले काहीच नाही, तो बहुधा सुखरूप असतो. ज्याची वेदना मामुली पण अंग घामाने भिजले आहे आणि हातपाय गार आहेत, त्याची काळजी करायची. ओरडणाऱ्या रुग्णाकडे सगळे धावतात आणि गप्प पडलेल्याकडे दुर्लक्ष होते, ही कोणत्याही तातडीच्या खोलीतली नित्याची चूक. या लेखाने निदान विंचूच्या बाबतीत तरी ती दाखवून दिली.

साधा डॉक्टर, साध्या नोंदी आणि त्यातून निघालेले मोठे ज्ञान, अशी उदाहरणे इतरत्रही आहेत. इंग्लंडमधल्या बर्नले या गिरणगावात १८७९ सालापासून जेम्स मॅकेन्झी नावाचा डॉक्टर घरोघरी फिरून उपचार करत असे. एक बाळंतीण हृदय बंद पडून त्याच्या डोळ्यांदेखत गेली आणि हे आपल्याला आधी का ओळखता आले नाही, या प्रश्नाने त्याला पछाडले. त्याने नाडीचे ठोके कागदावर उमटवणारे यंत्र बनवून घेतले आणि त्याच त्या रुग्णांच्या नाडीचे आलेख वर्षानुवर्षे काढले. ठोक्यातली कोणती अनियमितता निरुपद्रवी आणि कोणती घातक, हे त्याला कळले ते त्याचे रुग्ण पुढे म्हातारे होताना त्याने पाहिले म्हणून. मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाला रुग्ण भेटतो तो एकदा, दोनदा. जन्मापासून मरणापर्यंतचा पट दिसतो तो कुटुंबाच्या डॉक्टरला. १९०८ साली मॅकेन्झीचा हृदयरोगांवरील ग्रंथ आला तेव्हा लंडनच्या तज्ज्ञांना या गावठी डॉक्टरची दखल घ्यावीच लागली.

मात्र लक्षणे ओळखणे म्हणजे उपचार सापडणे नव्हे. १९८२च्या लेखानंतरही रुग्ण मरत होते. ते का, हे समजण्यासाठी विषाचे कार्य पाहावे लागेल.

आपल्या मज्जातंतूंच्या आवरणात सोडियमच्या अणूंना आतबाहेर करू देणारी सूक्ष्म दारे असतात. संदेश जाताना ती क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. लाल विंचवाचे विष ती मिटू देत नाही. परिणामी मज्जातंतू संदेशांमागून संदेश पाठवत राहतात आणि शरीरात ॲड्रेनलिन, नॉरॲड्रेनलिन यांचा पूर येतो. वाघ समोर उभा राहिल्यावर क्षणभर जे होते, ते येथे तासन्‌तास होत राहते. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. रक्तदाब चढतो. आता पाण्याची मोटर चालू असताना कोणी पाइपाचे तोंड अंगठ्याने दाबून धरावे तशी हृदयाची स्थिती होते. पुढे रक्त ढकलता येत नाही, मागे फुप्फुसात ते तुंबते, त्यातला द्रव वायुकोशांत झिरपतो, आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. इस्रायलमध्ये मोशे गेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या पिवळ्या विंचवाच्या रुग्णांत या संप्रेरकांचे वाढलेले प्रमाण मूत्रतपासणीतून दाखवले होते आणि १९७०च्या सुमारास हृदयावरील परिणामांचे वर्णनही केले होते. महाडच्या परिसरात अशी तपासणी शक्य नव्हती. पण आपण खाटेवर जे पाहतो आणि दुसऱ्याने प्रयोगशाळेत जे मोजले, ते एकाच घटनेचे दोन भाग आहेत हे ओळखायला वाचनाची सवय पुरते.

एवढे कळल्यावर उपायाची दिशा स्पष्ट होते: पाइपावरचा अंगठा काढा. एम.डी. होऊन पुन्हा या भागात परतलेल्या बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध वापरून पाहिले. गुण आला. पण ते शिरेतून थेंब थेंब द्यावे लागते, बाटली उजेडापासून झाकावी लागते आणि दर काही मिनिटांनी रक्तदाब पाहत बसावे लागते. थोडे जास्त झाले तर रुग्ण त्यानेच जायचा. ग्रामीण रुग्णालयात, जिथे वीज केव्हा जाईल त्याचा नेम नाही, तिथे हे किती जणांना देणार? तेच काम तोंडाने घेण्याच्या गोळीने होईल का, याचा शोध घेता प्राझोसिन हाती लागले. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी बाजारात असलेली ही स्वस्त गोळी रक्तवाहिन्यांवरची नॉरॲड्रेनलिनची पकडच सोडवते. वजनाच्या दर किलोला ३० मायक्रोग्रॅम, तीन तासांनी पुन्हा, मग दर सहा तासांनी, आणि तोवर रुग्णाला आडवेच ठेवायचे, कारण पहिल्या मात्रेनंतर उभे राहिल्यास घेरी येऊन तो कोसळू शकतो. (हा तपशील आम्ही औषधाचे तर्कशास्त्र कळावे म्हणून दिला आहे. गोळी डॉक्टरांच्याच हातून घ्यायची.) १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये हा उपचार प्रसिद्ध झाला. लेखावर दोन नावे होती, हिंमतराव आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनी बावस्कर.

त्यांच्या लेखांत दिलेले आकडे असे: १९६१ ते १९८३ या काळात गंभीर विंचूदंशाच्या रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. प्राझोसिन आल्यावर, १९८४पासून पुढे, हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले.

हकिकत येथे संपवली असती तर ती गोड झाली असती. पण मांत्रिकाला जो प्रश्न विचारला तो आता डॉक्टरांनाही विचारला पाहिजे. आधीची वर्षे आणि नंतरची वर्षे यांची तुलना ही खरी तुलना आहे का? १९६१ आणि १९८४ यांच्या दरम्यान कोकणात रस्ते झाले, एस.टी. आली, रुग्ण लवकर पोचू लागले. सलाइन, प्राणवायू यांची सोय वाढली. शिवाय एखाद्या डॉक्टरचे नाव झाले की साधे दंशही त्याच्याकडे येतात, आणि मग मृत्यूचे प्रमाण आपोआप खाली जाते. यावर खात्रीचा उपाय एकच. सारख्याच रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला औषध द्यायचे, दुसऱ्याला नाही, आणि पाहायचे.

आता त्या डॉक्टरच्या जागी आपण उभे राहून पाहू. समोर आठ-दहा वर्षांचे मूल आहे. हातपाय गार, घामाने चिंब. खिशात गोळी आहे. ती दिली तर मूल वाचते असे गेल्या अनेक रुग्णांनी दाखवले आहे. चिठ्ठीत 'नाही' निघाले म्हणून ती खिशातच ठेवायची? संशोधकाला ज्ञान हवे असते ते पुढच्या हजार रुग्णांसाठी. डॉक्टर बांधलेला असतो समोरच्या एका रुग्णाशी. एरवी ही दोन माणसे वेगळी असतात, येथे ती एकाच पांढऱ्या डगल्यात आहेत. सुरुवातीला आपण 'रुग्ण तपासायचे की टिपणे काढायची' असा वेळेचा प्रश्न विचारला होता. खरा पेच वेळेचा नाही, हा आहे.

इतिहासात या पेचातून सुटायला एकदा चमत्कारिक मदत झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनकडे अमेरिकेतून स्ट्रेप्टोमायसिन विकत घ्यायला डॉलर नव्हते. क्षयाच्या सगळ्या रुग्णांना पुरेल इतके औषध नव्हतेच. मग संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांचे म्हणणे पडले की नाहीतरी सर्वांना देता येत नाही, तर कोणाला द्यायचे हे चिठ्ठीने ठरवण्यात अन्याय नाही. १९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले होते, न मिळालेल्या ५२ पैकी १४. आधुनिक औषधचाचणीची सुरुवात या टंचाईतून झाली. प्राझोसिनच्या बाबतीत ही पळवाट नव्हती. गोळी स्वस्त होती आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होती.

बावस्करांनी गोळी खिशात ठेवली नाही. आमच्या मते ते योग्यच होते. फरक एवढा मोठा असताना, आणि तो का पडतो याचे कारण शरीरशास्त्राने आधीच सांगितलेले असताना, मुलांना औषधाविना ठेवून मिळणारे ज्ञान फार महाग पडले असते. पण त्याची किंमतही होती. प्राझोसिन किती गुणकारी, याचे चिठ्ठ्या टाकून काढलेले उत्तर त्या वर्षांत मिळाले नाही आणि शंका घेणाऱ्यांना जागा राहिली.

पुढे प्रश्नच बदलला, आणि चाचणीला वाट मिळाली. मुंबईच्या हाफकिनने लाल विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार केले होते. आता विचारायचे होते ते असे: प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिले तर अधिक फायदा होतो का? येथे दोन्ही गटांना प्राझोसिन मिळणारच होते, म्हणजे कोणालाही ज्ञात उपचाराविना ठेवायचे नव्हते. आणि प्रतिविषाचा उपयोग होतो की नाही, याविषयी जगभर खरोखरच मतभेद होते. प्रामाणिक अज्ञान असेल तेव्हा चिठ्ठी टाकणे हा अन्याय ठरत नाही. महाडला बावस्कर दांपत्याच्या रुग्णालयात ७० रुग्णांवर ही चाचणी झाली आणि २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. दोन्ही औषधे मिळालेले रुग्ण सरासरी ८ तासांत सावरले, केवळ प्राझोसिन मिळालेल्यांना १७.७ तास लागले. कोणाला काय दिले हे डॉक्टरांना माहीत होते, ही त्या चाचणीची मर्यादा लेखाच्या शीर्षकातच नमूद आहे. १९७६ साली सुरू झालेल्या नोंदी येथवर यायला पस्तीस वर्षे गेली. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांनी 'विंचूवाले डॉक्टर' म्हणून त्यांचे कौतुक केले. चाचणीविषयी मात्र फारसे कोणी लिहिले नाही.

दवाखान्यातल्या नोंदींना आणखी एक मर्यादा असते, आणि ती दाखवून देणारी माणसेही याच महाविद्यालयातली, जवळपास त्याच वर्षांतली आहेत. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग दोघेही नागपूरच्या मेडिकलचे, एक वैद्यकशास्त्राचे एम.डी., दुसऱ्या स्त्रीरोगशास्त्राच्या. दवाखान्यात जो येतो त्याचीच नोंद होते. जो येतच नाही त्याचे काय? अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९८६ पासून त्यांनी गडचिरोलीत काम सुरू केले. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली, दुखणे आहे म्हणून आलेल्यांची नव्हे, तर गावातल्या सर्वसाधारण स्त्रियांची. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये आले. उत्तमातल्या उत्तम ओपीडीत बसून हे चित्र कोणाला दिसले नसते, कारण ते ओपीडीच्या दाराबाहेर होते.

तुलनेचा पेच गडचिरोलीतही होताच. नवजात बालकांची काळजी घरातच घेण्याचे प्रशिक्षण आरोग्यदूतांना देऊन हा कार्यक्रम ३९ गावांत राबवला, आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तेथे नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या. ३९ गावांत हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ होते ते २५.५ वर आले, तुलनेच्या गावांत ते जवळपास होते तेवढेच राहिले. १९९९ साली हे प्रसिद्ध झाले. पुढे २०११ साली भारत सरकारने घरोघरी नवजात बालसेवेचे काम आशा कार्यकर्त्यांकडे सोपवले, त्यामागे या आकड्यांचे वजन होते. ती ४७ गावे तुलनेला नसती तर हे वजन आले असते का? आणि त्या ४७ गावांतल्या आयांना हा प्रश्न कसा वाटला असता? दोन्ही प्रश्न मुलांपुढे ठेवावेत. पहिल्याचे उत्तर सोपे आहे, दुसऱ्यावर वर्गात एकमत होणार नाही.

पुन्हा नागपूरला येऊ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद १९७९ पासून एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांना छोट्या संशोधनासाठी विद्यावेतन देते. कुटुंबवैद्यकात डी.एन.बी. करणाऱ्या डॉक्टरलाही प्रबंध लिहावा लागतो. ब्रिटनमध्ये काही तरुण कुटुंबवैद्यांना प्रशिक्षणाचे वर्ष वाढवून त्यातला चौथा हिस्सा वेळ संशोधनासाठी राखून देतात. आपल्याकडे असा वेळ राखून मिळत नाही, तो झोपेतून काढावा लागतो, ही तक्रार खरी आहे आणि प्रबंध कपाटात पडून राहतात हेही खरे आहे. मोठी उपकरणे नाहीत, ही तक्रार मात्र तितकीशी पटत नाही. विंचूदंशाच्या एका रुग्णाच्या केसपेपरवर काय हवे ते पाहा. दंश किती वाजता झाला, रुग्ण किती वाजता पोचला, उलटी किती वेळा, घाम आहे का, हातपाय कोठपर्यंत गार आहेत, नाडी, रक्तदाब, हे सारे दर तासाला. कोणते औषध केव्हा दिले, आधी कोणी काय दिले होते. आणि नातेवाइकांनी विंचू मारून बरोबर आणला असेल, तर त्याचा रंग.